रीडिंगची सहावी, पुण्याची सहावी आणि कॉम्प्युटरचा तास

वाचकाचं पत्र : आम्ही आठ वर्षं इंग्लंडमध्ये, रीडिंगला आहोत. येत्या जूनमध्ये कायमचे पुण्याला परत येतोय. मुलगी अकरा वर्षांची, इथे इयर सिक्सला आहे. मुलगा सात वर्षांचा, इयर टूला. बाकी विषयांचं काही ना काही ठरवलंय, पण कॉम्प्युटरवरून घरात रोज वाद होतो. मुलीला इथे पुस्तकच नाही. स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडून खेळ बनवते, मायक्रोबिटवर पावलं मोजणारं यंत्र केलं, पण 'व्हेरिएबल म्हणजे काय' विचारलं तर व्याख्या सांगता येत नाही. माझ्या बहिणीची मुलगी पुण्यात सहावीलाच आहे. तिचं कॉम्प्युटरचं पुस्तक जाडजूड, त्यात पायथन आहे, एआयवर धडा आहे आणि व्याख्या सगळ्या तोंडपाठ. ह्यांचं म्हणणं, आपली मुलगी दोन वर्षं मागे पडली, आत्तापासूनच ऑनलाइन कोडिंगचा क्लास लावू. मला उलट वाटतं. इंग्लंडचं पुढे आहे आणि पुण्यात ती कंटाळेल. शाळांच्या माहितीपत्रकांत तर सगळ्यांनीच पहिलीपासून कोडिंग, रोबोटिक्स लॅब, एआय असं छापलंय. खरंच कोणता देश पुढे आहे आणि आम्ही काय करावं? – एक आई, रीडिंग

ताई, सप्रेम नमस्कार.

क्लास लावू नका. हे आधी सांगून टाकते, कारण जूनला फार दिवस उरले नाहीत आणि एकदा वर्षाची फी भरली की ती वसूल करायला पोर रोज संध्याकाळी पडद्यासमोर बसवलं जातं. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या मुलीने पावलं मोजणारं यंत्र केलं, हे तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. मायक्रोबिट म्हणजे काड्यापेटीएवढा बोर्ड. हलवलं की त्याला कळतं. प्रत्येक हिसक्याला आकडा एकाने वाढवायचा आणि समोरच्या छोट्या दिव्यांवर दाखवायचा, एवढंच काम. पण तो आकडा लक्षात ठेवायला एक जागा लागते, त्या जागेला नाव द्यावं लागतं आणि सुरुवातीला तिथे शून्य ठेवावं लागतं. हे शून्य ठेवणं चुकून 'कायम करत राहा' या ठोकळ्याच्या आत गेलं, तर पोरगी कितीही उड्या मारो, यंत्र शून्यावरून हलत नाही. मग तिने काय केलं असेल? ठोकळे एकेक करून पाहिले असतील, शून्याचा ठोकळा बाहेर काढून वर 'सुरुवातीला' मध्ये नेला असेल. ज्या मुलीने हे केलं, तिला व्हेरिएबल येतो. व्याख्या नाही येत, ती एका संध्याकाळी येईल. आज जेवताना तिला 'व्हेरिएबल म्हणजे काय' असं विचारू नका. 'पावलांचा आकडा कुठे ठेवला होतास? त्याला नाव काय दिलं होतंस? आणि सुरुवातीला शून्य नसतं ठेवलं तर काय झालं असतं?' असं विचारा. उत्तर ऐकून ह्यांनाही दोन वर्षांचा हिशोब पुन्हा मांडावासा वाटेल.

आता इंग्लंडबद्दल. तुम्ही ज्या शाळेत रोज मुलांना सोडता, तिथला हा विषय असा कायमचा नव्हता. २०१४ पूर्वी तिथे आयसीटी, म्हणजे माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान होतं, आणि ते आपल्या शाळांतल्या कॉम्प्युटरच्या तासासारखंच होतं. वर्डमध्ये पत्र, एक्सेलमध्ये तक्ता, पॉवरपॉइंटमध्ये सहा स्लाइड. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलचे एरिक श्मिट एडिनबराला भाषणाला आले आणि ज्या देशाने संगणक घडवला तो देश शाळेत संगणकशास्त्र शिकवतच नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा अहवाल आला, त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना आयसीटीचा अभ्यासक्रम मोडीत काढायची घोषणा केली आणि सप्टेंबर २०१४ पासून 'कम्प्युटिंग' हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून सुरू झाला. प्राथमिकचा सगळा अभ्यासक्रम जेमतेम दोन-तीन पानांत मावतो. पाच ते सात वर्षांच्या मुलाला अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीच्या सूचना, काय ते कळावं, सूचना नेमक्या आणि दुसरा अर्थ न निघणाऱ्या हव्यात हे उमजावं, साधा प्रोग्रॅम करता यावा, त्यातली चूक शोधता यावी, आणि चालवायच्या आधी तो काय करेल याचा अंदाज बांधता यावा. सात ते अकरामध्ये क्रम, अट, पुनरावृत्ती, व्हेरिएबल आणि इंटरनेट चालतं कसं. पुढे अकरा ते चौदामध्ये दोन तरी प्रोग्रॅमिंग भाषा, त्यातली एक ठोकळ्यांची नव्हे तर टाइप करायची, शिवाय बायनरी, सर्च, सॉर्ट. पुस्तक नाही याचं तुम्हाला नवल वाटलं, पण सरकारने ठरवून दिलेलं पुस्तक तिथे नसतंच. प्रत्येक शाळा आपापली आखणी करते.

वाचायला हे फार सुंदर आहे. मी २०१४ मध्ये ती पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हेवा वाटला होता. पण पानावरचा विषय वर्गात उतरायला शिक्षक लागतो, आणि तिथेच इंग्लंड अडकलं. आयसीटीवाल्या शिक्षकांना एका उन्हाळ्यात प्रोग्रॅमिंग कुठून येणार? रॉयल सोसायटीनेच २०१७ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक, ५४ टक्के शाळांत सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला संगणकशास्त्र हा विषयच उपलब्ध नव्हता. जिथे होता तिथे बसणाऱ्यांत मुली पाचात एक. मग सरकारने ८.४ कोटी पौंड काढले आणि २०१८ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी राष्ट्रीय केंद्र उभं केलं. म्हणजे आधी अभ्यासक्रम, चार वर्षांनी शिक्षक. प्राथमिक शाळेत तर गणित शिकवणाऱ्या वर्गशिक्षिकेलाच कम्प्युटिंगही शिकवावं लागतं. काही जणी ते इतकं छान करतात की गणित आणि कोडिंग एकमेकांत मिसळून जातं. काहींच्या वर्गात ते शुक्रवारी दुपारी उरलेल्या वेळात होतं. तुमच्या मुलीला चांगली बाई मिळाली असावी. ते श्रेय त्या बाईंचं आहे, इंग्लंडचं थोडंच. माध्यमिक शाळांपैकी बहुतेक तिथे अकॅडमी, म्हणजे सरकारी पैशावर पण आपल्या कारभाराने चालणाऱ्या शाळा आहेत आणि अकॅडमींना इतकी वर्षं राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारकही नव्हता.

आता पुण्याकडे या. भाचीचं जाडजूड पुस्तक तुम्ही 'भारताचा अभ्यासक्रम' म्हणून पाहताय, तसं ते नाही. ते एका खासगी प्रकाशकाचं पुस्तक असणार, त्या शाळेने निवडलेलं. पहिली ते आठवीत कॉम्प्युटरच्या तासाला काय चालावं हे बहुतेक खासगी शाळांत शाळा आणि प्रकाशक मिळून ठरवतात. शेजारच्या गल्लीतल्या शाळेत वेगळं पुस्तक असेल, त्यात पायथनऐवजी एचटीएमएल असेल. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत कदाचित पुस्तकही नसेल आणि मशिनही नसेल. सरकारच्याच यूडायस प्लस या शाळांच्या नोंदीच्या आकड्यांत २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७ टक्के शाळांत संगणक होते, २०२४-२५ मध्ये ते प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास आलं. वाढ चांगली आहे, पण दर तीन शाळांमागे एका शाळेतल्या मुलांनी कॉम्प्युटरचा तास अजून पाहिलेलाच नाही. 'भारत पुढे आहे' असं ह्यांनी म्हणायच्या आधी हा आकडा लक्षात ठेवावा, आणि 'इंग्लंड पुढे आहे' असं म्हणताना तुम्ही तो ५४ टक्क्यांचा.

ह्यांच्या एआयच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, तो मी उडवून लावत नाही. सीबीएसईने २०१९ मध्येच नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला. सहावी ते आठवीसाठी बारा-पंधरा तासांची छोटी मॉड्यूल्स आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार आणायचं जाहीर केलं. भारताने हे मनावर घेतलंय, यात शंका नाही. मला त्याचा आनंदही आहे. पण इंग्लंडची ती चार वर्षं मी विसरू शकत नाही. तिसरीच्या वर्गावरच्या बाईंना हे कोण शिकवणार, हा प्रश्न मी प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला विचारते आणि विचारत राहणार आहे. तुमच्यापुरतं सांगायचं तर, बारा-पंधरा तासांच्या मॉड्यूलसाठी अकरा वर्षांच्या मुलीला वर्षभर आधीपासून क्लास लावायचं काही कारण नाही.

परीक्षेबद्दल एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्हा दोघांनाही आश्चर्य वाटेल. आपण समजतो की तिकडे सगळं हाताने करून आणि इकडे सगळं लिहून. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई संगणकशास्त्रात बहुतेक मुलं ज्या बोर्डांची परीक्षा देतात तिथे दोन्ही पेपर लेखीच असतात, संगणकावर प्रोग्रॅम करून गुण मिळवायची सोय थोड्याच बोर्डांत आहे. आधी प्रोग्रॅमिंगचं काम गुणांना धरत, पण त्या कामांची उत्तरं इंटरनेटवर फिरायला लागली आणि २०१८च्या सुमारास ते गुण अंतिम श्रेणीतून काढले. उलट आपल्याकडे सीबीएसईच्या बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला ७० गुणांचा लेखी पेपर आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक आहे. पायथन, फाइल हाताळणी, स्टॅक, एसक्यूएल, बराच भरीव अभ्यास आहे. आपल्या राज्य बोर्डाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञानाचा पेपर तर संगणकावरच होतो. आणि आपल्या मास्तरांची एक जुनी सवय मला फार मोलाची वाटते : ड्राय रन. प्रोग्रॅम वहीत लिहायचा, शेजारी रकाने आखायचे, एकेका ओळीला कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आलं ते पेन्सिलने भरत जायचं आणि शेवटी आउटपुट काय येईल ते चालवायच्या आधी सांगायचं. इंग्लंडचा अभ्यासक्रम पाच वर्षांच्या मुलाकडून जो अंदाज मागतो, तोच हा, फक्त पेन्सिलने. तुमच्या मुलीला ही सवय नसणार. पडद्यावर लगेच चालवून बघायची मुलं शिकलेली असतात, विचार नंतर करतात. हे तिला पुण्यात मिळेल आणि उपयोगी पडेल. अजून एक. इकडे अकरावीला कॉम्प्युटर घेणारी मुलगी किंवा इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखेत जाणारी मुलगी बघून कुणाच्या भुवया वर जात नाहीत. तुम्ही मुलीच्या आई आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

तरीही तुमची भीती खोटी नाही. ती कंटाळेल का? कंटाळू शकते, आणि ते कशामुळे होतं हे मी माझ्याच वर्गात पाहिलंय. बावीस वर्षं मी मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवला. वर्गात ५२ मुलं, चालू मशिन ११. एका मशिनला चार-पाच खुर्च्या. की-बोर्ड ज्याच्या हातात पडला त्याच्याच हातात राहायचा. एक मुलगी वर्षभर तिसऱ्या खुर्चीवर बसली. लेखी परीक्षेत पूर्ण गुण. इनपुट साधनं, आउटपुट साधनं, चार्ल्स बॅबेज, सगळं अचूक, शीर्षकाखाली पट्टीने रेघ मारलेली. मार्चमध्ये मी तिला एकटीला बोलावलं आणि म्हटलं, 'ही फाइल सेव्ह कर.' तिने माऊसवर हात ठेवला आणि हलवलाच नाही. हलवला की बाण पडद्यावर कुठे जाईल, याचा तिला अंदाज नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरले नाही. तिला नापास करण्यासारखं काहीच नव्हतं, तिने आम्ही मागितलं ते सगळं दिलं होतं.

त्या वर्षानंतर मी पहिला महिना मशिनला हात लावणं बंद केलं. वर्गाच्या फरशीवर खडूने पाच बाय पाच ठिपके काढले. एका मुलीच्या हातात खडू द्यायचा, डोळे उघडे, पण तिने स्वतःच्या मनाने काही काढायचं नाही. दुसरी समोर बसून रांगोळी सांगणार, तिच्या हातात रांगोळीचं चित्र. 'मधल्या ठिपक्यापासून वर जा.' समोरासमोर बसलेल्या दोघींची 'वर' वेगळी. एकीचं उजवं ते दुसरीचं डावं. पहिल्या दिवशी सगळ्या रांगोळ्या फिसकटल्या आणि प्रचंड भांडणं झाली. तिसऱ्या दिवशी मुलींनीच उपाय काढला : 'खिडकीकडे दोन ठिपके', 'दाराकडे एक'. मग कुणीतरी म्हणालं, चारही कोपऱ्यांना तेच करायचंय तर चारदा कशाला सांगायचं, 'हे चार वेळा कर आणि दर वेळी वळ' म्हणू. लूप हा शब्द मी नंतर सांगितला. आणि रांगोळी चुकली की कुठल्या सूचनेला चुकली हे त्या मागे जाऊन शोधायला लागल्या, ठिपक्यावर बोट ठेवून. तिसऱ्या खुर्चीवर कुणीच नव्हतं.

माझं सगळं म्हणणं ह्या बोटात आहे. मूल पुढे आहे की मागे, हे त्याला कोणत्या इयत्तेत पायथन आलं यावरून कळत नाही. चुकलं की ते काय करतं, यावरून कळतं. ते स्वतः मागे जाऊन शोधतं, की कुणीतरी येऊन नीट करून देईल म्हणून थांबतं? इंग्लंडच्या त्या दोन-तीन पानांत चूक शोधणं पाच वर्षांच्या मुलापासून लिहिलेलं आहे, ही मला त्यातली सर्वांत किमती गोष्ट वाटते. आपल्या पुस्तकांत प्रोग्रॅम बरोबरच छापलेले असतात. मुलं ते उतरवतात, बाई बरोबरची खूण करतात. वहीत पायथन पेनाने लिहिलेला मी पुष्कळदा पाहिलाय. ओळ उजवीकडे सरकवून लिहायची की नाही, यावर पायथनचा अर्थ ठरतो, आणि वहीत सगळ्या ओळी समासाला चिकटलेल्या. त्याखाली लाल शाईची खूण. तो प्रोग्रॅम मशिनवर चालणार नाही, पण ते कुणाला कळायचं कारणच येत नाही.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक घरी ठेवा. शाळा चालू असताना जा आणि सहावी-सातवीचा कॉम्प्युटरचा तास असेल तेव्हा लॅब बघायची आहे म्हणून आधीच सांगा. एका मशिनला किती मुलं, ते मोजा. एकाला एक असेल तर उत्तम, दोन असतील तरी चालेल, पण दोघांपैकी की-बोर्ड कोण आणि किती वेळाने बदलतं हे बघा. रोबोटिक्स लॅब दाखवली तर चाकांच्या रबराकडे बघा. घासलेली, धूळ लागलेली चाकं म्हणजे मुलं गाड्या चालवतात. सगळं काचेच्या कपाटात नवं कोरं असेल तर ते पाहुण्यांसाठी आहे. प्रवेशाच्या ऑफिसात बसलेल्या मॅडमना विचारून उपयोग नाही, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांना किंवा बाईंना भेटू द्या म्हणा. त्यांना एकच विचारा : 'प्रोग्रॅम चालला नाही की तुमची मुलं काय करतात?' आणि मग गप्प बसा. 'आधी शेजारच्याला दाखवतात, मग वाचून बघतात, मग माझ्याकडे येतात' असं काही ऐकू आलं, तर पुस्तक कोणतं का असेना, ती शाळा घ्या. 'नाही हो, आमच्याकडे तसं होतच नाही, आम्ही पुस्तकातलेच प्रोग्रॅम घेतो' असं उत्तर आलं, तर बाकी शाळा चांगली असेल तरी कॉम्प्युटर तुम्हाला घरी सांभाळावा लागेल. तेवढ्यावरून शाळा सोडू नका. आठवड्याला एक-दोन तासांचा विषय आहे तो. मराठी, गणित, मैदान आणि घरापासूनचं अंतर, या गोष्टी माझ्या लेखी त्याच्या वरच्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलीला कॉम्प्युटरपेक्षा जास्त आठवण दुसऱ्याच तासाची येईल असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा वेगळा विषय आहे, पाच वर्षांपासून चौदाव्या वर्षापर्यंत सक्तीचा. वस्तू कुणासाठी करायची ते ठरवा, काढा, करा, वापरून बघा, काय चुकलं ते सांगा. करवत, सुई-दोरा, आणि स्वयंपाकसुद्धा त्यातच. मी लेस्टरला भाचीकडे गेले होते तेव्हा तिच्या मुलाच्या शाळेत पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. नऊ वर्षांचा पोरगा पुठ्ठ्याच्या पुलावर वजनं ठेवत होता, पूल मोडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, कुतूहल होतं. आपल्याकडे कार्यानुभवाचा तास असतो. बऱ्याच शाळांत तो गणिताला दिला जातो, हे तुम्हालाही तुमच्या शाळेतून आठवत असेल.

पण हे आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही. पुण्याहून दोनेक तासांवर शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून. त्यातून मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला, राज्याच्या बोर्डाने आठवी ते दहावीसाठी मान्य केलेला : वेल्डिंग-सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य. गावातली मुलं गावातल्या लोकांची कामं करून देत शिकली. मी स्वतः तिथे पाहिलेल्या मुलांच्या हातांवर ठिणगीचे डाग होते आणि विजेचं बिल ती समजावून सांगू शकत होती. इंग्लंडच्या २०१४च्या अभ्यासक्रमाच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट. आता नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सहावीपासून कौशल्य शिक्षण आलंय, एनसीईआरटीचं 'कौशल बोध' नावाचं पुस्तक आलंय, दहा दिवस दप्तराविना शाळा आहे. त्याचं तुमच्या शाळेत काय होतं ते जरूर विचारा, अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू करून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, असेल तर ती मधल्या सुट्टीत उघडी असते का तेही. आणि पावसाळा संपला की एका रविवारी मुलीला आणि तुमच्या भाचीला घेऊन पाबळला जाऊन या, आधी फोन करून.

मुलाचं म्हणाल तर सात वर्षांच्या मुलाला कॉम्प्युटरची काहीच घाई नाही. शाळेत तो बहुधा मधमाशीच्या आकाराच्या छोट्या यंत्राला 'पुढे, पुढे, डावीकडे वळ' असं बटणं दाबून चालवतो. पुण्यात ते नसलं तर आजीला डोळे बांधून स्वयंपाकघरापर्यंत नेऊ दे, फक्त पावलं सांगून. त्याला या वर्षी मराठी वाचता आलं पाहिजे, सगळा जोर तिथे लावा.

आणि पुण्यातली तुमची भाची. तिला व्याख्या पाठ आहेत म्हणून ती पोपटपंची करते असं मनात आणू नका. तिला आत काय कळलंय हे कुणी विचारलेलंच नसेल. दोघींना मे महिन्यापासूनच फोनवर एकत्र आणा. मायक्रोबिटला समोर पंचवीस दिवे असतात, पाच बाय पाच. म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळीच. भाचीने कागदावर रांगोळी काढायची, शब्दांत सांगायची, तुमच्या मुलीने दिव्यांवर उमटवायची. मग उलट : तुमच्या मुलीने स्क्रॅचचा एखादा खेळ पाठवायचा आणि भाचीने तो न चालवता, वहीत रकाने आखून, शेवटी किती गुण होतील ते सांगायचं. एकीची जमेची बाजू दुसरीला मिळेल. पुढच्या वर्षी दोघींना बेब्रासला बसवा. ही लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली कोड्यांची स्पर्धा आहे, कॉम्प्युटर न शिकलेल्या मुलालाही देता येते. इंग्लंडमध्ये आहे आणि भारतातही, इकडे ती एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाळा उपक्रमातर्फे होते आणि मराठीतूनही देता येते. सीएसपाठशाळेचं मराठी साहित्यही बघा, त्यातलं बरंचसं मशिनशिवाय करायचं आहे. आणि मराठीतून असल्यामुळे तुमच्या मुलीला भाषेचाही सराव होईल. 'जर', 'तर', 'नाहीतर', 'जोपर्यंत' हे शब्द तिला मराठीत पटकन सुचायला लागले की पुण्यातल्या वर्गात ती हात वर करेल.

ह्यांना एवढंच सांगा की क्लासचे पैसे बाजूला ठेवा. त्यातून एक जुना चालू लॅपटॉप घ्या, मुलीच्या एकटीच्या हातात राहील असा, आणि रोज अर्धा तास तिच्या शेजारी बसा. शिकवायचं नाही. तिचं काही अडलं तर 'कुठपर्यंत बरोबर चाललं होतं?' एवढंच विचारायचं आणि तिला शोधू द्यायचं.

मायक्रोबिट शाळेचा असेल तर तो परत द्यावा लागेल, तेव्हा निघण्यापूर्वी तिचा स्वतःचा एक घ्या. वायर आणि बॅटरीचा डबा सोबत घ्या, सेल मात्र इकडेच मिळतात. तिचे स्क्रॅचचे प्रकल्प शाळेच्या खात्यावर असतील. ते खातं शाळा सुटल्यावर बंद होऊ शकतं. तिलाच बसवून एकेक उतरवून घ्या, आणि पावलं मोजणारा प्रोग्रॅम सगळ्यात आधी.